टू-स्ट्रोकचा पिस्टन बसवताना तेल कुठे, किती आणि कुठे मुळीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२५ सीसीच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं हेड आणि ब्लॉक उतरवलाय, नवा पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) हातात आहे. एक मित्र सांगतो, सगळं टू-टी ऑइलमध्ये बुडवून बसव. दुसरा सांगतो, ब्लॉक आणि रिंगा कोरड्या ठेव, नाहीतर रिंगा कधीच बसणार नाहीत. कोणाचं ऐकायचं? पॅकिंगला सीलंट लावायचं का? आणि पहिल्या टाकीत ऑइल वाढवायचं का?

दोघंही अर्धे बरोबर आहेत. बुडवायला सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेअरिंग आहे, कोरडं ठेवायला सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रिंग आहे. माझी पद्धत अशी: बेअरिंगला सढळ हाताने, ब्लॉकला बोटाने, रिंगांना वेगळं काहीच नाही आणि पॅकिंगला तर नाहीच नाही. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. जुळणी करताना तेल कमी पडलं म्हणून जॅम झालेली इंजिनं मी फार थोडी उघडली आहेत. आत कचरा राहिला, कुठून तरी हवा ओढली गेली, पिनचं लॉक सुटलं, यापायी गेलेली मात्र ढिगाने. म्हणून उत्तर तेलावरून सुरू होत असलं तरी तेलावरच थांबणार नाही.

आधी या इंजिनात तेल फिरतं कसं ते बघा. फोर-स्ट्रोकला तळाशी ऑइल असतं, पंप असतो, पिस्टनवर जादा ऑइल खरवडून खाली पाठवणारी वेगळी रिंग असते. टू-स्ट्रोकला यातलं काहीच नाही. गिअरबॉक्समध्ये ऑइल असतं, पण ते क्रँकच्या सीलच्या पलीकडे. पिस्टनच्या वाट्याला त्यातला थेंबही येत नाही, आणि येत असेल तर सील गेलेलं आहे. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉडची वरची-खालची बेअरिंगं, सगळ्यांचं पोट पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवर. ते कार्ब्युरेटरमधून रीड व्हॉल्व्हमार्गे क्रँककेसमध्ये येतं, पेट्रोलची वाफ होते, ऑइल भागांवर चिकटून मागे राहतं आणि उरलेलं ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या वाटांमधून, वर जाऊन जळतं. म्हणजे जुळणीच्या वेळी लावलेल्या तेलाची नोकरी काही क्षणांची असते: पहिल्या किकपासून टाकीतलं ऑइल सगळीकडे पोचेपर्यंत. आणि त्या वेळी जे काही आत असेल ते शेवटी जळणार आहे, कारण त्याला खाली साठायला जागाच नाही.

यातूनच तेल कोणतं, याचंही उत्तर निघतं: टाकीत जे टू-टी मिसळणार तेच. फोर-स्ट्रोकच्या इंजिन ऑइलमध्ये धातूंचे क्षार असलेली द्रव्यं असतात. ती जळली की राख उरते आणि ती प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर साठते. ग्रीस तर स्मॉल एंडला, म्हणजे रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाला, अजिबात नको. रॉडच्या डोक्याला ज्या खाचा किंवा भोकं असतात, ती ऑइलचा फवारा आत यावा म्हणून असतात. त्यातच ग्रीस भरलं तर बेअरिंगचं तोंड आपणच बांधलं. मॉलिब्डेनमवाली काळी असेंब्ली पेस्ट इतर ठिकाणी गुणाची, पण रिंगांवर तिचं काम नाही. कारण खाली येतंच.

रिंग बसते म्हणजे काय होतं? ब्लॉकच्या भिंतीवर होनिंगचे, म्हणजे दगडाने घासून पाडलेले, बारीक चर असतात. पेट्रोल पेटलं की दाब रिंगच्या मागे, खोबणीत शिरतो आणि रिंगला भिंतीवर रेटतो. रिंगची स्वतःची स्प्रिंग त्यामानाने किरकोळ असते. त्या रेट्याखाली रिंगची कड आणि भिंतीचे उंचवटे एकमेकांना घासून जुळतात. मध्ये जाड, न सुटणारा थर असेल तर रिंग त्यावर तरंगते, जुळणी लांबते आणि भिंतीवर चकाकीचा लेप चढतो. कोरडं ठेवायला सांगणाऱ्या मित्राचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा. पण तो पुढचं विसरतो. रिंग बसण्याआधी पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालचा घेर, भिंतीला टेकलेला असतो, आणि ॲल्युमिनियम कोरड्या भिंतीवर दहा-वीस वेळा घासलं तरी ओरखडा उठतो.

म्हणून मी असं करतो. तर्जनी टू-टी ऑइलमध्ये बुडवायची आणि ब्लॉकच्या आतून सगळीकडे फिरवायची. नंतर धागे न सोडणाऱ्या स्वच्छ कापडाने एकदा अलगद पुसायचं. भिंत चकचकीत दिसली पाहिजे, ओघळ दिसता कामा नये. पिस्टनच्या स्कर्टला दोन्ही बाजूंनी तसंच बोट. रिंगांना वेगळं काही नाही. ब्लॉक सरकवताना भिंतीवरचं जे लागेल ते पुरे. रिंगांच्या खोबण्यांत तेल भरून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. त्यातून मिळतो फक्त धूर आणि ओला प्लग.

बेअरिंगचं गणित वेगळं. स्मॉल एंडचं नीडल बेअरिंग मी वाटीभर ऑइलमध्ये खरोखर बुडवतो, बोटाने गोल फिरवतो आणि निथळू न देता रॉडमध्ये घालतो. गजन पिनलाही ऑइल, पिस्टनच्या पिनभोकांनाही. मग ज्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक. गाडी आठ-पंधरा दिवस उघडी पडली असेल, किंवा क्रँककेस पेट्रोलने धुतला असेल, तर ते बेअरिंग कोरडं पडलेलं असतं, आणि टाकीतलं ऑइल तिथे पोचायला वेळ लागतो. रॉड वर आणून त्याच्या खालच्या टोकाच्या खाचेत चमचाभर, म्हणजे पाच मिलीच्या आसपास, टू-टी सोडा आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. त्याहून जास्त नको. क्रँककेसमध्ये तळं साठलं तर पहिल्या दहा मिनिटांत तीन प्लग बदलत बसाल.

तेलाचं झालं. आता ज्याने इंजिनं खरोखर मरतात तिकडे वळू.

पहिला शत्रू कचरा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ब्लॉकला होनिंग केलं, पेट्रोलने मनसोक्त धुतला, फुंकला, बसवला. गाडी छान चालली आणि थोड्याच तासांत कॉम्प्रेशन घसरलं. उघडून बघतो तर रिंगांच्या कडा झिजून पातळ आणि पिस्टनवर राखाडी झाक. चूक माझीच होती. पेट्रोल तेल विरघळवून नेतं, पण दगडाची पूड चरांमध्ये तशीच बसून राहते, आणि तिला धरून ठेवणारं तेल गेल्यामुळे ती पाहिजे तशी पुसताही येत नाही. ब्लॉक गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश घेऊनच धुवायचा, पोर्टच्या आतसुद्धा. लगेच हवेने कोरडा करायचा, कारण लोखंडी लायनर काही मिनिटांत गंजतो. मग पांढऱ्या कापडावर पातळ तेल घेऊन भिंत पुसायची. कापड राखाडी आलं तर पुन्हा धुवायचा. पांढरं कापड पांढरं बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मला एकदा चार फेऱ्या लागल्या होत्या.

होनिंग करायचं की नाही, हे भिंत कशाची आहे त्यावर ठरतं. लोखंडी लायनर असेल तर होनने तिरप्या चौकटी उठवाव्या लागतात. पण डर्ट बाइकचे बहुतेक ब्लॉक ॲल्युमिनियमचे असून आतून निकासिलसारखा मुलामा असतो: निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ साली तो वँकेल इंजिनासाठी काढला आणि पुढे टू-स्ट्रोकवाल्यांनी उचलून धरला. हा मुलामा इतका कठीण असतो की साध्या होनिंगच्या दगडाने त्याला फारसं काही होत नाही, मात्र पोर्टच्या कडेला दगड अडकला तर टवका उडू शकतो. माझ्या हातून अशा ब्लॉकला फक्त घासणीचा खरखरीत पॅड आणि साबणाचं पाणी लागतं. तिरपे हात फिरवून जुनी चकाकी मोडायची, बस. ॲल्युमिनियमचे डाग भिंतीला चिकटले असतील तर ते वेगळ्या उपायांनी काढता येतात, पण मुलामा सोलून खालचा पांढरट धातू नखाला लागत असेल तर तो ब्लॉक पुन्हा मुलामा द्यायला पाठवायचा. नवा पिस्टन घालून तो भरून निघत नाही.

रिंगचा गॅप मोजल्याशिवाय रिंग पिस्टनवर चढवू नका, डबीवर काहीही लिहिलेलं असो. एकटी रिंग ब्लॉकमध्ये ठेवायची, पिस्टनच्या माथ्याने दहा-पंधरा मिमी आत सरळ ढकलायची आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची. पोर्टसमोर मोजू नका, आकडा फसवा येतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. तो हाताशी नसेल तर बोअरच्या, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या व्यासाच्या, हजारामागे चार ही जुनी किमान मर्यादा धरतात. ५४ मिमी बोअरला साधारण ०.२२ मिमी. फट त्याहून कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा उरत नाही आणि ती भिंत खरवडते. टोक बारीक कानशीने, एकाच दिशेने, बाहेरून आत घासायचं आणि कड मोडायची. फट फार मोठी निघाली तर रिंगला दोष देण्याआधी बोअर मोजा: बोअर ०.१ मिमीने झिजला की फट ०.३१ मिमीने वाढते, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो. म्हणजे तीच फट झिजेचं भिंगही आहे.

रिंगवर अक्षर किंवा खूण असेल ती वर. खोबणीत एक बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं तिच्या दोन अंगांना बसली पाहिजेत. फोर-स्ट्रोकसारखी रिंग फिरती नसते, ती या पिनला बांधलेली असते. कारण टोक फिरत फिरत पोर्टसमोर आलं तर बाहेर उसळेल आणि तुटेल. याचसाठी पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवायचा. पिस्टन उलटा बसला तर त्या पिना नको त्या पोर्टसमोर येतात आणि रिंगेचं टोक पहिल्याच फेऱ्यांत अडकतं.

एक्झॉस्ट पोर्टच्या मध्ये उभी पट्टी असलेला ब्लॉक असेल तर तिच्यावर स्वतंत्रपणे लक्ष द्या. ती पट्टी दोन्ही बाजूंनी जळत्या वायूने भाजते, त्यामुळे सगळ्यात आधी फुगते आणि पिस्टनला घासते. तिच्यासमोर येणाऱ्या स्कर्टच्या भागात दोन बारीक, दीड-दोन मिमीची भोकं असावीत, म्हणजे पिस्टनच्या आतलं तेल त्या पट्टीला मिळतं. काही पिस्टनांना ती मुळात असतात, काहींना आपण पाडायची असतात. पिस्टनसोबतच्या कागदावर जागा दिलेली असते. पाडल्यावर आतबाहेरची बोच काढायला विसरू नका. इथे तेलाचा खरा प्रश्न आहे, आणि तो ओंजळभर तेल ओतून सुटत नाही, दोन भोकांनी सुटतो.

आता लॉक, म्हणजे गजन पिनच्या सर्कलिप. यावर मी जरा जास्तच बोलतो, कारण एकदा एक लॉक माझ्या हातातून उडून उघड्या क्रँककेसमध्ये गेलं होतं. लोहचुंबकाची काडी, तारा, सगळं करून शेवटी इंजिन उतरवून दोन भाग केले. दहा सेकंदांत कापड कोंबलं असतं तर दोन दिवस वाचले असते. तेव्हा आधी क्रँककेसचं तोंड स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कापडाने रॉडभोवती गच्च बंद करा. एका बाजूचं लॉक पिस्टन टेबलावर असतानाच बसवा, म्हणजे गाडीवर एकच उरतं. जुनी लॉकं परत वापरायची नाहीत, ती कितीही नवी दिसली तरी.

लॉकचं उघडं तोंड सहा किंवा बारा वाजता, म्हणजे खाली किंवा वर. तीन किंवा नऊ वाजता नाही. ५४.५ मिमी स्ट्रोकचं १२५ सीसी इंजिन ११,००० आरपीएमवर फिरतं तेव्हा पिस्टन सेकंदाला ३६६ वेळा दिशा बदलतो, आणि वरच्या टोकाला त्याच्यावरचं त्वरण गुरुत्वाच्या साडेचार हजार पटींच्या आसपास जातं. पाव ग्रॅमचं लॉक त्या क्षणी किलोभर वजनासारखं ओढतं. तोंड बाजूला असेल तर हा वर-खालचा झटका लॉकच्या दोन पायांना आत दाबतो आणि खोबणीतली पकड सैल करतो. तोंड वर किंवा खाली असेल तर झटका लॉकच्या सममितीच्या रेषेतून जातो. बसवल्यावर छोट्या स्क्रूड्रायव्हरने लॉक खोबणीत किंचित फिरवून बघा. पूर्ण बसलेलं लॉक खोबणीतच सरकतं, अर्धवट बसलेलं उडी मारतं. पिस्टनला लॉक काढण्यासाठी जी खाच असते, तिच्यासमोर तोंड आणू नका.

गजन पिन हाताच्या दाबाने जायला हवी. घट्ट असेल तर पिस्टन हीट गनने कोमट करा. हातोडी मारू नका, मारलेला प्रत्येक घाव रॉड सोसतो. तसंच पिस्टन घालण्याआधी रॉड वर-खाली ओढून बघा. उभी ढिलाई अजिबात नको. आडवी थोडी असते, ती फिलर गेजने मोजून पुस्तकाशी पडताळायची. उभी ढिलाई असेल तर इथेच थांबा. बिग एंड गेलेल्या इंजिनावर नवा पिस्टन बसवणं म्हणजे नवा पिस्टन वाया घालवणं.

आणि हो, खालचं पॅकिंग पिस्टन चढवायच्या आधी स्टडवर घाला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे एकदा तरी विसरतात. डॉवेल म्हणजे त्या दोन पोकळ बुशही जागेवर आहेत ना, ते बघा.

सीलंटबद्दल: नको. दोन्ही पृष्ठभाग साफ, सपाट आणि तेलमुक्त असतील तर कागदी किंवा धातूचं पॅकिंग स्वतःच्या बळावर धरतं. सीलंट लावलं की जादा भाग दोन्हीकडे पिळून बाहेर येतो. बाहेरचा दिसतो, आतला ट्रान्सफर पोर्टमध्ये लोंबतो, एक दिवस तुटतो आणि पिस्टनसोबत फिरायला निघतो. शिवाय त्या थराने ब्लॉक किंचित उचलला जातो. पॅकिंगची जाडी हा ट्यूनिंगचा आकडा आहे. जुन्या पॅकिंगचे अवशेष मात्र शेवटच्या कणापर्यंत काढा, प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने; स्टीलच्या पात्याने पडलेली एक चीरसुद्धा गळतीला पुरते. हेडला ओ-रिंगा असतील तर त्या खोबणीत टिकाव्यात म्हणून ग्रीसचा पुसट हात चालतो. सगळ्या वरच्या भागात मी ग्रीसला परवानगी देतो ती एवढीच, आणि पॉवर व्हॉल्व्हच्या (एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठं करणाऱ्या झडपेच्या) शाफ्टच्या बाहेरच्या सीलला.

पॉवर व्हॉल्व्हचं आतलं पातं काजळीपासून साफ करून कोरडंच बसवा, शाफ्टला टू-टीचा एक थेंब पुरे. पात्यावर ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी तेच दगडासारखं खरवडत बसाल. ब्लॉक चढवण्याआधी पातं हाताने पूर्ण उघडून-मिटून बघा आणि ते बोअरमध्ये केसभरही डोकावत नाही याची खात्री करा.

ब्लॉक चढवायला रिंगचा पट्टा लागत नाही. पिस्टनखाली दोन सारख्या लाकडी पट्ट्या ठेवून तो सरळ उभा करा, रिंगांची टोकं पिनांवर आहेत ना ते पुन्हा बघा, बोटांनी वरची रिंग दाबा आणि ब्लॉक सरळ खाली उतरवा, मग दुसरी. ब्लॉकच्या तळाची कड उतरती असते, ती रिंगेला आपोआप आत घेते. अडलं तर थांबायचं, वर घ्यायचं, कारण शोधायचं. गोल फिरवून बसवायचा प्रयत्न कधीही करू नका, रिंगेचं टोक पोर्टमध्ये शिरून तिथेच मोडतं. कापड काढायचं मात्र ब्लॉक पूर्ण बसण्याआधी. बसल्यावर एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा, क्रँक हळू फिरवून रिंग पोर्टसमोर आणा आणि लाकडी काडीने तिला हलकेच दाबा. प्रत्येक रिंग आत जाऊन परत बाहेर यायला हवी. एखादी मेल्यासारखी पडून राहिली तर ती तुटलीय किंवा पिनवर चढलीय. या एका मिनिटाने मला दोनदा वाचवलंय.

हेड कायमचं आवळण्याआधी स्क्विश, म्हणजे पिस्टनच्या माथ्याची कड आणि हेड यांच्यातलं अंतर, बघायची सवय लावा. पिस्टनच्या माथ्याच्या कडेला, गजन पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना मऊ सोल्डरची तार ठेवा, हेड आवळा, क्रँक एकदा वरच्या टोकापलीकडे न्या आणि चपटी झालेली तार मोजा. पिनच्या रेषेत अशासाठी की त्या दिशेने पिस्टन डुलत नाही. बहुतेक १२५ मध्ये हे अंतर १ ते १.५ मिमीच्या मध्ये मिळतं. फार कमी निघालं तर वेगात रॉड ताणला जातो आणि पिस्टन हेडला टेकतो. खालच्या पॅकिंगची जाडी बदलूनच ते सुधारायचं.

नट आडव्या-तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. इथे पुन्हा तेलाचा प्रश्न येतो. नट आवळताना आपण लावलेल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, उरलेला खरा ताण देतो. म्हणजे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो, आणि ॲल्युमिनियममधले आटे निसटतात. पुस्तकात तेल लावा असं लिहिलं असेल तरच लावा. नसेल तर आटे ब्रशने साफ आणि कोरडे.

आता गळती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाही पंप आहे; त्याला बारीक भोक पडलं तर तिथून जादा हवा येते, मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि पिस्टन जातो. अशा वेळी दोष नेहमी ऑइलच्या डब्यावर येतो. एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचांनी बंद करा, सायकलच्या पंपासारख्या साध्या साधनाने सुमारे ६ पीएसआय हवा भरा आणि सहा मिनिटं काटा बघा. मिनिटाला एका पीएसआयहून जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी शिंपडा: खालच्या पॅकिंगभोवती, रीड ब्लॉकभोवती, मॅग्नेटच्या बाजूच्या सीलवर. क्लचच्या बाजूचं सील गळत असेल तर हवा गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीतून बाहेर येते, तिचं टोक पाण्यात धरा. दाब जास्त वाढवू नका, चांगली सीलं जागेवरून उठतील.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल उघडून आठ-दहा किक मारा. तेल पसरतं आणि क्रँककेसमध्ये जादा काही असेल तर बाहेर पडतं. रेडिएटर भरून बुडबुडे निघू द्या. मग चालू करा, अधूनमधून हलका थ्रॉटल देत ब्लॉक हाताला चांगला गरम लागेपर्यंत ठेवा, बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. असं तीन वेळा. गार म्हणजे खरोखर गार, कोमट नव्हे. नंतर गाडी चालवताना वेग सतत बदलता ठेवा. एकाच वेगावर लांब चालवणं आणि पूर्ण थ्रॉटल दोन्ही पहिल्या टाकीपुरतं टाळा. नुसतं आळशी घरघरत ठेवणंही रिंगांना मानवत नाही, त्यांना भार लागतो. थंड इंजिनावर जोरात थ्रॉटल पिळला तर पिस्टन ब्लॉकपेक्षा आधी फुगतो आणि चार कोपऱ्यांवर उभे ओरखडे येतात. हे जॅम होणं कितीही महाग ऑइल वापरलं तरी टळत नाही.

राहिलं पहिल्या टाकीचं ऑइल. गाडीला आणि ऑइलला जे प्रमाण सांगितलंय तेच. ३२:१ म्हणजे लिटरला ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली. काळजीपोटी ४०:१ चं २०:१ केलं तर लिटरमागे ऑइल दुप्पट होतं, पण कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) जाणारं पेट्रोल अडीच टक्क्यांच्या आसपास घटतं, आणि ज्या पिस्टनला जपायचं होतं तोच थोडा जास्त तापतो. प्रमाण बदलायचं असेल तर जेटही बदलावं लागतं, आणि नव्या पिस्टनवर एकाच वेळी दोन गोष्टी बदलण्याच्या मी विरोधात आहे.

पहिल्या तासानंतर, इंजिन गार झाल्यावर, हेडच्या नटांवरून टॉर्क पाना एकदा फिरवा, रेडिएटरची पातळी बघा, एक्झॉस्ट उतरवून त्याच तोंडातून टॉर्च मारा. स्कर्टवर एकसारखी मंद झाक आणि रिंगांवर पूर्ण गोलाईभर चकाकती रेघ दिसली तर रिंगा बसल्या. रेघ मध्येच तुटत असेल तर अजून अर्धा तास तसंच सांभाळून चालवा आणि पुन्हा बघा. उभा ओरखडा दिसला तर पुढचा किक मारू नका, ब्लॉक उतरवा.